सख्ख्या भावाला बाहेर बसवलं तेव्हा

मी आयुष्यात पहिल्यांदा ज्या खेळाडूला संघाबाहेर बसवलं, तो माझा सख्खा थोरला भाऊ होता. त्यानंतर कितीतरी जणांना बसवलं. त्यात देशाकडून खेळलेले होते, परदेशातून आलेले होते. एकाला तर त्याच्याच पोस्टरखाली उभं राहून सांगितलं, की शनिवारी तू खेळणार नाहीस. त्यातलं काहीच मला जड गेलं नाही. जड काम मुरुमात आधीच उरकलं होतं.

मुरुम हे आमचं गाव, उमरगा तालुक्यातलं, बाजाराचं. आडत बाजाराला लागून आमचं दुकान आहे. बारदाना, सुतळी, ताडपत्री असा माल. अब्बा गेल्यापासून ते भाई चालवतो. भाई म्हणजे हाच माझा थोरला भाऊ. घरात आम्ही दखनी बोलतो, बाजारात मराठी, आणि आळंदकडचं गिऱ्हाईक आलं तर भाई कानडीतही भाव करतो. इथं मात्र मी सगळ्यांचं बोलणं मराठीतच सांगतो. माझं खेळाचं सगळं शिक्षण याच भाषेत झालं.

आमच्या गावात फुटबॉल आला तो कोल्हापूरहून. शाळेत व्यायामाचे सर म्हणून एक तरुण शिक्षक नेमणुकीवर आले. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलशिवाय करमत नाही, हे आम्हाला तेव्हा काय ठाऊक! इथं कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट एवढंच. सरांनी पहिल्याच आठवड्यात शाळेमागच्या माळावर निलगिरीचे वासे रोवून गोल उभे केले आणि जाळीसाठी सुतळी घ्यायला आमच्या दुकानात आले. भाई तेव्हा दहावीत होता. जाळी त्यानंच विणली. मग 'जाळी ज्यानं विणली, पहिला बॉल त्योच मारणार' म्हणून हटून बसला. सरांनी मारू दिला. बॉल जाळीत गेला आणि त्या दिवसापासून भाईची खात्रीच झाली, की बॉल जाळीत घालणं हे त्याचं काम आणि तो त्याच्या पायापर्यंत आणून देणं हे बाकीच्या दुनियेचं.

खरं सांगायचं तर भाई माझ्यापेक्षा सरस खेळायचा. माझी शाळा संपल्यावर कोल्हापुरात एका तालमीच्या संघात आम्हा दोघांनाही खेळवायची सरांची तयारी होती. पुढं मी मोठ्या क्लबांत खेळलो तेव्हा लोक म्हणायला लागले, थोरल्यानं धाकट्यासाठी त्याग केला. तसलं काही नव्हतं. भाईला जायचंच नव्हतं.

"तिथं माझ्यासारखे छप्पन्न असतील," तो म्हणाला. "हितं मी एकलाच हाय."

मला त्या छप्पन्नांतच जायचं होतं. मी गेलो.

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमीतालमीचे असतात आणि खेळ पेठेच्या इभ्रतीचा. सामना हरलो की तालमीजवळचा चहावाला दुसऱ्या दिवशी चहा द्यायचा, पण कप ठेवताना बोलायचा नाही. तिथं मी स्टॉपर झालो, म्हणजे बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा. तिथून पुणे, मग कोलकाता, मग गोवा. दहा-बारा वर्षं या खेळानं मला पोसलं. देशाच्या संघापर्यंत मी पोहोचलो नाही, कारण मला वेग नव्हता. पण पुढं काय होणार हे मला इतरांच्या आधी दिसायचं, आणि दिसलेलं ओरडून सांगायला मुरुमच्या बाजारात कमावलेला आवाज होता. गडबडीत तोंडातून यायचे ते गावाकडचेच शब्द. 'सरक', 'धर त्याला', 'मागं ये', 'लई पुढं जाऊ नको'. गोव्यातल्या क्लबात माझ्या उजव्या हाताला मणिपूरचा खेळाडू होता. एकदा मीच हुरळून कॉर्नरला पुढं निघालो, तर तो मागून माझ्यावर खेकसला, "लई पुढं जाऊ नको!" त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण हे वाक्य कधी वापरायचं ते त्याला पक्कं कळलं होतं.

तिथले आमचे कोच म्हातारे गोवेकर होते. माझा गुडघा दुसऱ्यांदा फाटला, लिगामेंटचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यात येऊन त्यांनी सरळ सांगितलं, "तुझे पाय संपले. डोकं अजून नुसतं वॉर्म-अप करतंय. कोचिंगचं लायसन्स काढ." मी काढलं. पहिल्या पायरीची परीक्षा झाली, त्याच्या वरचीही झाली. तोवर क्लबनं करार वाढवला नाही आणि पस्तिशी गाठायच्या आत मी बॅग घेऊन मुरुमला परत आलो.

आता कुठल्या तरी क्लबाचा फोन येईल, अशी माझी समजूत होती. फोन यायचे, पण ताडपत्रीसाठी. मी दुकानात बसायला लागलो. धंद्यात मी अगदीच कामातून गेलेला माणूस. गिऱ्हाईक ताडपत्री मागायचं आणि मी त्याला विचारायचो, झाकायचं काय आहे, किती दिवस झाकायचंय, मग लहान का नाही घेत? भाई वैतागला.

"तू माल इकायला बसलास का सल्ला द्यायला?" तो म्हणाला. "त्यापेक्षा आमची टीम तरी बघ."

सर बदली होऊन कधीच गेले होते, पण भाईनं गावात फुटबॉल जिवंत ठेवला होता. सगळी बाप्ये माणसं. कुणी आडतीवर, कुणी शिक्षक, कुणी मेडिकल दुकानात. गोलकीपर उमरगा डेपोत एसटीचा ड्रायव्हर होता, त्यामुळं सामना कधी घ्यायचा हे त्याच्या ड्युटीवर ठरायचं. बॉल दुकानातून यायचे, जाळ्या भाई अजूनही स्वतः विणायचा. संघ भाईचा, हे गावात लहान पोरालाही माहीत होतं.

मी विचारलं, "टीम निवडणार कोण?"

"तूच की."

"शेवटचा शब्द कुणाचा, भाई?"

"तुझा. कोच हायस ना तू?"

त्याला वाटत होतं हा शब्द इतरांसाठी आहे. आपल्यापर्यंत तो येऊ शकतो, हे त्याच्या मनालाही शिवलं नसेल.

पहिले काही दिवस मी काहीच केलं नाही. मैदानाच्या कडेला दगडी रूळ पडलेला असायचा, त्याच्यावर बसून नुसता बघत राहिलो. बघायला फार काही नव्हतंच. भाई पुढं, गोलाजवळ, उजवा हात वर करून उभा. बॉल कुणाकडंही असो, तो मान वर करून तो हात शोधायचा आणि उंच टोला हाणायचा. भाई चाळिशीला आलेला, पोट सुटलेलं. पाच बॉल आले तर चार हातचे जायचे. पाचवा मात्र असा मारायचा, की बघणाऱ्यानं चार विसरावेत. या पाचव्या बॉलवर त्याचं राज्य चाललं होतं.

मी गोलकीपरला बाजूला घेऊन विचारलं, "बॉल हातात आला की पहिल्यांदा कुणाला बघतोस?"

"भाईला."

"त्याच्या भोवती तीन माणसं असली तरी?"

"तरी बी. न्हाय दिला तर घरापतुर शिव्या देत येतंय."

एका संध्याकाळी भाई माल आणायला सोलापूरला गेला होता. तो नसताना मी सराव सामना लावला. भाईच्या जागी गावच्या एका जावयाला उभं केलं. हा मूळचा वाशी तालुक्यातल्या तेरखेड्याचा, फटाक्याच्या कारखान्यात कामाला. लग्न मुरुमात झालेलं आणि दिवाळी उरकून तिकडचं काम मंदावलं की सासुरवाडीला येऊन राहायचा. अंगानं बारीक, बोलायला मोजका. हात वर करून थांबायला कुणी नव्हतंच, त्यामुळं बाकीच्यांना इकडंतिकडं बघावं लागलं. बॉल जमिनीवरून फिरायला लागला. आणि हा जावई पास पायातून सुटायच्या आधीच पळत सुटायचा.

"कधी पळायचं हे कसं कळतं तुला?" मी विचारलं.

"आमच्यात वात पेटली की पळायचंच असतंय," तो म्हणाला. "ते कुणी शिकवावं लागत न्हाय."

त्या संध्याकाळी मला संघ दिसला. भाई नसलेला संघ चांगला होता. दुःख वगैरे काही झालं नाही, उलट फार दिवसांनी अंगात तरतरी आली. उत्तर हातात आलं होतं. आता ते फक्त सांगायचं राहिलं होतं.

थोड्याच दिवसांनी भूमला जिल्ह्यातल्या संघांची स्पर्धा होती. मी ठरवलं, मैदानावर सगळ्यांसमोर अकरा नावं वाचून दाखवायची. क्लबात तसंच बघत आलो होतो. सकाळी अम्मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, तिला हे बोललो. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "त्याला म्हाईत हाय का?"

"तिथं कळंलच की."

"लोकांपुढं?" ती म्हणाली. "त्याला काढ न्हायतर ठेव, तुजं तू बघ. पण तुज्या तोंडानं सांग, एकट्याला सांग, आन् का ते बी सांग. लोकांच्या तोंडाकडं बघत माणसाला आपलं वाईट ऐकाया लावू नको."

शुक्रवार होता. जुम्म्याच्या नमाजनंतर बाजार थोडा सुस्तावतो. दुकानात भाई बारदान्याच्या गठ्ठ्यावर टेकून बसला होता. मी समोर बसलो.

"भाई, भूमला तुम्ही पहिल्या अकरात न्हाईत."

तो हसला. "मग कोण, तू?"

"तेरखेड्याचा."

हसू गेलं. "का?"

"तुम्ही उभे राहता. तुम्ही दिसला की बाकीचे विचार करायचं सोडून देतात. समोरच्यांना फक्त तुम्हाला धरलं की झालं."

"गोल कुणी मारले एवढी वर्षं?"

"तुम्हीच."

"मग?"

"तुम्ही सोडून दुसऱ्या कुणी मारलाय का? मी तेच बघायला बसलोय."

भाई उठला. रागात त्याचा आवाज चढत नाही, खाली येतो. "ही टीम म्या उभी केली. तू तिकडं समुद्राच्या कडंला पगार घेत हुतास तवा म्या हितं पोरं गोळा करत हुतो. आन् तू मला सांगतोस, भाई बाहेर बस?"

"व्हय," मी म्हणालो. "कारण शेवटचा शब्द माझा म्हणून तुम्हीच सांगितलंय."

"मग शेवटचा शब्द तुझा," तो म्हणाला, "आन् जाळी माझी."

त्याच संध्याकाळी त्यानं दोन्ही गोलांच्या जाळ्या सोडल्या, गुंडाळल्या आणि दुकानात नेऊन टाकल्या. आम्ही बिनजाळीचा सराव केला. गोल झाला की बॉल थेट पलीकडच्या ज्वारीत जायचा आणि मारणाऱ्यालाच तो शोधून आणावा लागायचा. दोघातिघांनी मला हळूच सांगितलं, जाऊ दे, घे त्याला, गावात तोंड दाखवायचंय. मी ऐकून घेतलं. घरी भाई आणि मी एकाच दस्तरखानावर जेवायचो आणि मीठसुद्धा अम्मीच्या मार्फत मागायचो. पण माझं मन एकदाही डगमगलं नाही. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. खेळाडू म्हणून मी सामन्याआधी रात्रभर तळमळायचो. इथं घर पेटलं होतं आणि मला गाढ झोप लागत होती. हे काम आपलं आहे, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही क्रूझर गाडी करून भूमला गेलो. भाई आला नाही. भूमचं मैदान म्हणजे टणक मुरमाड जमीन. पडलं की कोपर सोलून निघणार. पण बॉल सपाट पळतो, आणि आम्हाला तेच हवं होतं. पहिल्या दिवशी आम्ही दोन्ही सामने जिंकलो. चार गोल झाले, चार वेगळ्या माणसांनी मारले. त्यातला एक मेडिकलवाल्यानं मारला. त्यानं जन्मात पहिल्यांदा गोल मारला होता. आनंदानं काय करायचं ते न सुचून त्यानं रेफ्रीशीच हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी फायनल, यजमान भूमच्या संघाशी. आठवडी बाजाराला आलेली माणसंही पिशव्या घेऊन मैदानाकडं वळली होती. आम्ही वॉर्म-अप करत होतो, तेवढ्यात गोलकीपर मोबाइल घेऊन माझ्याकडं आला.

"भाई निघालाय," तो म्हणाला.

"कुठनं कळलं?"

"आमचा कंडक्टर बोलला. तुळजापुरात गाडी बदलली म्हणं."

थोड्या वेळानं पुन्हा आला. "धाराशिव स्टँडावर च्या पितोय."

एसटीत आपला माणूस असला की अशी खबर मिळते. सामना सुरू झाल्यावर मात्र त्यानं फोन ठेवला आणि मला बातमी मिळायची बंद झाली.

पहिल्या अर्ध्यात काही झालं नाही. दुसऱ्या अर्ध्यात आमच्या जावयानं बचावामागं धाव घेतली, बॉल बरोबर त्याच्या पुढ्यात आला, आणि त्यानं त्यांच्या गोलकीपरच्या बगलेखालून तो सरकवला. आमची क्रूझरची मंडळी कडेला नाचायला लागली. त्यानंतर भूमनं आमच्यावर लोंढाच सोडला. त्यांचा सात नंबरचा खेळाडू ताडमाड उंच होता. प्रत्येक कॉर्नरला त्याचं डोकं सगळ्यांच्या वर दिसायचं. दोनदा बॉल बारला लागून परत आला. आमचा मधला बचावपटू लंगडायला लागला.

तेव्हा माझ्या खांद्यावर हात पडला. भाई. अंगात दुकानातला शर्ट, तोच रोजचा. पण हातात बूट होते.

"मला घे," तो म्हणाला.

"पुढं माणूस नको आता. मागं पाहिजे."

"मग मागं घाल."

उभ्या आयुष्यात तो कधी मागं खेळला नव्हता. मी त्याच्याकडं बघितलं. अंगानं दांडगा, उंचीला बरा, आणि डोक्यानं बॉल मारण्यात अजूनही त्याच्या तोडीचा आमच्यात कुणी नव्हता. भाऊ म्हणून मी त्याला घेतलं नाही. त्या वेळी बेंचवर त्याच्याइतका उपयोगाचा माणूस दुसरा कुणी नव्हता, म्हणून घेतलं. एका जादा टी-शर्टावर नंबर होता, तो त्याच्या अंगावर चढवला.

"त्यो सात नंबर दिसतोय?" मी म्हणालो. "त्याच्या मागं जा. त्यो पानी प्यायला गेला तरी तू मागं जायचं. बॉलकडं बघायचं न्हाय, त्याच्याकडं बघ. आन् पुढं जाऊ नको."

जन्मात पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं होतं. मैदानाच्या कडेला 'तुम्ही' म्हणायला सवड नसते. भाईनं माझ्याकडं बघितलं आणि तो आत गेला.

त्यानं मी सांगितलेलं शब्दशः केलं. सात नंबर डावीकडं गेला, भाई डावीकडं. सात नंबर वैतागून मध्येच बुटाची नाडी बांधायला खाली बसला, तर भाई कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभा राहिला. लोक हसायला लागले. शेवटच्या कॉर्नरला दोघं एकदम उडाले, आणि भाईनं असा टोला दिला की बॉल थेट मैदानाच्या कडेला, बाजारातून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या पिशवीवर जाऊन आदळला. रेफ्रीनं शिट्टी वाजवली. आम्ही जिंकलो होतो.

क्रूझरमध्ये भाई पुढच्या सीटवर बसला. धाराशिव मागं पडलं. मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उद्या जाळी बांधतो." माझी माफी त्यानं मागितली नाही, मीही मागितली नाही. मागण्यासारखं दोघांनीही काही केलं नव्हतं. गावात आजही तो सांगतो, की भूमची फायनल त्यानं वाचवली. मी खोडून काढत नाही. वाचवलीच होती.

त्यानंतर वर्षभरात माझा एक जुना जोडीदार दुसऱ्या फळीतल्या एका क्लबाच्या कारभारात शिरला आणि त्यानं मला सहायक कोचच्या मुलाखतीला बोलावलं. टेबलापलीकडं तिघं बसले होते. त्यांनी विचारलं, वयानं मोठ्या, नावाजलेल्या खेळाडूला तुम्ही कसं हाताळाल? माझ्याआधी येऊन गेलेल्यांनी पुस्तकातली उत्तरं दिली असणार. मी त्यांना माझ्या भावाची हकीकत सांगितली, जाळ्यांसकट. एकजण हसता हसता खोकायला लागला. नोकरी मिळाली.

हंगाम अर्धा झाला आणि हेड कोच भांडून निघून गेला. क्लब तळाला होता. नवा कोच शोधायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या सामन्यांपुरतं मला पुढं केलं. बाहेरच्या देशात ज्याला मॅनेजर म्हणतात ते हेच काम. कुणाला खेळवायचं, कुणाला नाही, कसं खेळायचं, आणि हरलो तर उत्तर कुणी द्यायचं. पहिल्याच दिवशी मी क्लबाच्या स्टार फॉरवर्डच्या खोलीत गेलो आणि त्याला समोरासमोर सांगितलं, की शनिवारी तो बाहेर बसेल, आणि का ते. त्यानं पाण्याची बाटली भिंतीवर फेकली. मी पुसायला टॉवेल दिला आणि माझं उरलेलं वाक्य पूर्ण केलं. तीन आठवड्यांनी तो परत संघात आला आणि वर्षातला सर्वांत चांगला खेळ खेळला. दुसऱ्या एकाला सांगितलं, तर तो क्लब सोडून गेला आणि पुढं आमच्यावरच गोल मारला. दोन्ही होतं. तरी दोन्ही वेळा माझा निर्णय तोच राहिला असता.

आम्ही तळातून वर आलो. शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती, तेवढी मिळवली. क्लबनं मला कायम केलं. पुढच्या हंगामात आम्ही वरच्या फळीच्या उंबऱ्यापर्यंत गेलो, त्याच्या पुढच्या हंगामात आत गेलो. लोक मला विचारतात, तुमची पद्धत काय? मी सांगतो, चांगला खेळाडू ओळखणं सोपं आहे, ते बाजूच्या चहावाल्यालाही येतं. त्याच्याशिवायचा संघ डोळ्यांपुढं आणता आला पाहिजे. ते मला येतं. माझ्याहून जास्त शिकलेले, जास्त मोठे खेळलेले कोच आहेत. पण मैदानाच्या कडेला उभा राहिलो की मला कुणाची धास्ती वाटत नाही.

गेल्या हंगामाच्या शेवटी त्या क्लबानं मला काढलं. ओळीनं सामने गेले, मालक बदलले, असं चालतंच. मी सुट्टीला मुरुमला आलो होतो. बाजारात मेथी निवडत होतो तेव्हा फोन आला. बोलणारा माणूस मी कधी पाहिलेलाही नव्हता. त्यानं कागदावरून वाचल्यासारखं सांगितलं, मी ऐकलं, आभार मानले, आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी आलो. अम्मीनं विचारलं, आता? मी म्हणालो, आता दुसरा क्लब. तिला पटलं. मलाही त्यात काही अवघड दिसत नव्हतं.

दुसरा क्लब आला तो ईशान्येकडच्या डोंगरातला. त्यांनी दोनदा फोन केला. पहिल्यांदा मी नाही म्हणालो, कारण त्यांना संघ निवडताना मालकाचं मत हवं होतं. दुसऱ्यांदा त्यांनी ती अट काढली. मी होकार दिला.

भाईनं मला मोटरसायकलवर उमरग्याच्या हायवेला सोडलं. हैदराबादची बस धरून पुढं विमानानं जायचं होतं. भाई दुकानाच्या घाईत होता, गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून तो लगेच वळला. मी बॅग घेऊन रस्त्याकडेला उभा राहिलो. शेजारी एक म्हातारे शेतकरी गाडीची वाट बघत होते. माझ्या बॅगेकडं आणि गुडघ्यातून अवघडलेल्या पायाकडं बघून त्यांनी विचारलं, "कुठं निघालाव, पाव्हणं?"

"कामावर," मी म्हणालो. तेवढ्यात बस आली.